हिल्डूरच्या दुकानातली दराची पाटी

मी पाटी बोलतेय. 'उधार बंद' सांगणारी नाही, आणि 'कुत्र्यापासून सावध' सांगणारी तर नाहीच नाही. मी दराची पाटी. शंभर स्वीडिश क्रोना म्हणजे आज किती फिनिश मार्का, एवढं एकच वाक्य मला आयुष्यभर येत होतं. पण त्या एका वाक्यासाठी नदीच्या दोन्ही काठांवरची माणसं रोज माझं तोंड बघायची. शहाण्यासुरत्यांना चार चार भाषा येतात, पण त्यांच्याकडे रोज सकाळी कोण बघतं? तेव्हा थोडा तोरा मी मिरवणारच.

माझा जन्म शाळेत झाला. हापारांदाच्या शाळेनं नवा फळा आणला आणि जुना फळा यालमार सुतारानं चार आण्याच्या भावात घरी नेला. त्यानं त्याचे तुकडे केले. एकाचं कोंबड्यांच्या खुराड्याला दार झालं, एकाचा पाट झाला, आणि मी उरले. मी फळ्याचा वरचा उजवा कोपरा. त्या कोपऱ्यात मास्तर गैरहजर मुलांची नावं लिहायचा. खरं लिहायचं आणि सगळ्यांना दिसेल असं लिहायचं, ही सवय मला तिथंच लागली.

यालमारची सून हिल्डूर. तिनं पुलाजवळ दुकान काढलं तेव्हा सासऱ्यानं मला पाइनची चौकट ठोकली, शेजारी एका डब्यात ओला स्पंज टांगला आणि म्हणाला, "घे पोरी. दुकानात माणूस खोटं बोलेल, वजन खोटं बोलेल, ही बोलणार नाही."

"वजन खोटं बोलेल म्हणजे? मामंजी, दुकान माझं आहे," हिल्डूर म्हणाली. तशी ती पहिल्यापासून फटकळच.

तर पुलाच्या अलीकडे आम्ही, हापारांदावाले, स्वीडनचे. पलीकडे तोर्न्यो, फिनलंडचं. दोन्हीकडची बोली एक, आडनावं एक, शिव्यासुद्धा एक. घड्याळ तेवढं वेगळं. तिकडचं एक तास पुढे. आणि पैसे वेगळे. म्हणून इथं ज्याच्या त्याच्याकडे दोन पाकिटं, एका खिशात क्रोनांचं, दुसऱ्यात मार्कांचं. चुकून एकच पाकीट घेऊन निघालेला माणूस अर्ध्या पुलावरून परत फिरायचा.

आमच्या दुकानात कॉफी, साखर, मार्गारीन, लोकर, रॉकेल, खिळे, सगळं मिळायचं. किमती क्रोनांत. पण मार्काही चालायचे, माझ्यावर लिहिलेल्या दरानं. आणि माणसांची गंमत बघा. दर बघायला आलोय असं कोणी कबूल करायचं नाही. आत यायचं, पाय पुसायचे, "काय गारठा पडलाय" म्हणायचं, हिल्डूरच्या गायीची चौकशी करायची. तेवढ्यात डोळा हळूच माझ्याकडे सरकायचा. दर बरा असला तर "आलोच आहे तर दोन पुडे दे कॉफीचे." नसला तर "घरची अजून आहे म्हणा." ताकाला जाऊन भांडं लपवणारे सगळे! मी भिंतीवरून बघायची आणि गप्प राहायची.

त्रेसष्ट साली फिनलंडनं मार्कावरची दोन शून्यं काढून टाकली. वर्ष बदलायच्या आधी माझ्यावर सहा हजार दोनशे लिहिलेलं असायचं, नव्या वर्षात नुसते बासष्ट. मला तर अंगावरचे कपडे काढून घेतल्यासारखं झालं. पलीकडचा एक म्हातारा माझ्यासमोर उभा राहिला तो हलेचना.

"डाका पडला की काय गं?" त्यानं हिल्डूरला विचारलं.

"नाही हो आजोबा. नुसती शून्यं गेली."

"अगं, शून्यंच तेवढी माझी होती. बाकीचं सगळं बायकोचं."

हसून हसून हिल्डूरच्या हातातली साखर सांडली. असे दिवस होते ते.

आता हिल्डूरचा नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्या नियमामुळे झालं. दुकान नवं होतं तेव्हा एकदा मार्का घसरला. बातमी दुपारी आली आणि हिल्डूरनं तिथल्या तिथं, भर दुपारी मला पुसून नवा दर लिहिला. त्याच वेळी पलीकडच्या वरच्या खेड्यातली एक बाई दुकानात होती. सकाळच्या बसनं आली होती, टोपली भरून झाली होती. तिनं माझ्याकडे बघितलं, पाकीट उघडलं, आणि अर्धी टोपली परत फळीवर मांडून ठेवली. आधी मुलाचे मोजे काढले, मग कोको. हिल्डूरला त्या रात्री जेवण गेलं नाही. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला. रोज संध्याकाळी दुकान बंद करताना दुसऱ्या दिवसाचा दर लिहायचा, आणि मग आभाळ कोसळलं तरी पुढच्या संध्याकाळपर्यंत स्पंजाला हात लावायचा नाही. जे लिहिलं ते दिवसभर. लोकांना हे माहीत होतं आणि लोक यासाठी तिला मानत होते.

आता साइमी. साइमी पलीकडची, तोर्न्योची. चव्वेचाळीसच्या लढाईच्या पळापळीत ती एक गाय आणि एक बोचकं घेऊन नदी ओलांडून आली आणि हिल्डूरच्या माहेरच्या गोठ्यात राहिली. दोघी तेव्हा तरण्या पोरी. लढाई संपली, साइमी परत गेली, दोघींची लग्नं झाली, पण भांडण काही संपलं नाही. भांडण म्हणजे काय, प्रेमच ते, पण बाहेरच्या माणसाला कळायचं नाही.

"तुझी गाय आमच्या गोठ्यात होती तेव्हा दुधाला वास यायचा," हिल्डूर म्हणायची.

"गायीचा नाही तो, तुझ्या बाबांच्या पाइपचा," साइमी म्हणायची. आणि दोघी इकडच्या रीतीप्रमाणे चीजचे तुकडे कॉफीत बुडवून तासभर बसायच्या.

साइमी इस्पितळात फरशा पुसायची. तिच्या नवऱ्याच्या पाठीवर जंगलात ओंडका पडला होता, तेव्हापासून घर तिच्या एकटीवर. पण हात तिचा शिवणाचा. नुसता डोळ्यानं माप घ्यायची आणि कापड तंतोतंत कापायची. घरात होतं ते हातानं फिरवायचं जुनं यंत्र, दोन टाके घालून तिसरा गाळणारं.

आमच्या दुकानाच्या खिडकीत एक शिवणयंत्र होतं. विजेवर चालणारं, फिकट हिरवं. किंमत हजार क्रोना. साइमी दर शनिवारी यायची आणि बाहीनं त्याच्यावरची धूळ पुसायची.

"हात नको लावू. विकत घे," हिल्डूर ओरडायची.

"तुझ्या यंत्राला कोण विचारतंय? मी कॉफीला आलेय."

तीन वर्षं हे चाललं. हिल्डूरनं ते यंत्र तीन वर्षांत दुसऱ्या कोणाला विकलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "त्याचा पट्टा खराब आहे." पट्टा काही खराब नव्हता. मी साक्षीला आहे.

सदुसष्टच्या ऑक्टोबरात तोर्न्योमध्ये नवं अतिथिगृह बांधून तयार झालं. चाळीस खिडक्या. त्यांच्या पडद्यांचं काम साइमीला मिळायचं ठरलं, पण मालकानं स्पष्ट सांगितलं, "सोमवारी सकाळी येऊन बघेन. घरात नीट यंत्र असलं तर काम तुझं. नाहीतर मी औलू शहरातल्या शिंप्याला देतो." साइमीनं त्याच दिवशी इस्पितळात सांगून टाकलं की शनिवार माझा शेवटचा. तीन वर्षांचे साठलेले सहाशे वीस मार्का पाकिटात होते. शंभर क्रोनांना बासष्ट मार्का, म्हणजे हजारांना सहाशे वीस. पुलावर भरायच्या जकातीचे पैसे वेगळ्या पाकिटात. एक नाणं इकडे नाही, एक तिकडे नाही. गुरुवारी सकाळी येते असा निरोप तिनं हिल्डूरला पाठवला होता.

आणि नेमका त्याच गुरुवारी फिनलंडनं मार्का घसरवला. थोडाथोडका नाही, चांगला चौथा हिस्सा गेला.

तिकडे सातच्या बातम्यांत सांगितलं तेव्हा आमच्याकडे सहा वाजले होते. हिल्डूरचा रेडिओ बंद होता. "पहिल्या कपाआधी मला माणसाचा आवाज नको, पेटीतल्या माणसाचा तर मुळीच नको," असं तिचं म्हणणं. नवरा आर्विड पहाटेच रेल्वेच्या कामावर गेला होता. वर्तमानपत्र आमच्याकडे दुपारच्या गाडीनं यायचं. म्हणजे सगळ्या तोर्न्योला ठाऊक, आणि पुलाच्या या टोकाला माझी बाई कॉफी ढवळत बसलेली! माझ्यावर आदल्या संध्याकाळचा दर होता, ठळक अक्षरात. शंभराला बासष्ट.

आठला तिनं दार उघडलं तर बाहेर रांग. सायकली, टोपल्या, पोती. एकानं तर लाकडं वाहायची हातगाडी आणलेली.

"कोण मेलं?" हिल्डूरनं विचारलं.

सगळे पाय पुसायला लागले. "गारठा पडलाय," मागून कोणीतरी म्हणालं.

मग सुरू झालं. कॉफी, साखर, मार्गारीन. फळ्या भराभर रिकाम्या होत होत्या आणि गल्ल्यात मार्का पडत होते. रांगेत पुलावरचा जकातवाला तानेलीसुद्धा होता, सरकारी टोपी खिशात कोंबून. त्यानं कॉफीचे बारा पुडे मागितले.

"बारा? घरी लग्न आहे का रे?"

"नाही, थंडी येतेय ना."

"थंडी दरवर्षी येते, तानेली. तुझ्याच पुलावर तुलाच पकडतील, बघ हं."

तानेली हसला, पण त्याचे कान लाल झाले. माझ्या अगदी खाली उभ्या असलेल्या दोघी कुजबुजत होत्या.

"तिला माहीत नाही वाटतं."

"गप बस. पुडे घे आणि चालायला लाग."

तेव्हा मला कळलं. काय सांगू, माझ्या अंगाची आग झाली. जन्मात मी खोटं बोलले नव्हते, आणि आज माझ्याच तोंडून लोक माझ्या बाईला लुटत होते. दर माझ्यावर, पण पुसायला हात दुसऱ्याचा लागतो. खिळ्यावरून खाली पडावं म्हटलं, तर यालमारनं खिळा ठोकला होता चार इंची!

साइमी रांगेत पाचवी होती. तिच्यापुढची चार माणसं गेली, पण ती पुढे येईना. मागच्या बाईला म्हणाली, "तू हो पुढे." मग तिच्या मागच्याला, "तुम्ही व्हा." मला वाटलं, हिला झालंय काय? पाकीट तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं आणि नजर खिडकीतल्या हिरव्या यंत्रावर होती. असे सात-आठ जण गेले. शेवटी मागचे म्हणायला लागले, "अगं हो की पुढे बाई, आम्हाला कामं आहेत."

ती पुढे झाली.

"आलीस? किती वेळ लावलास!" हिल्डूर खुशीत होती. "काढ पाकीट. पट्टा मी कालच तपासलाय."

"हिल्डूर," साइमी म्हणाली, "मार्का घसरलाय. रेडिओवर सांगितलं. शंभराला एक्याऐंशी होणार म्हणतात."

हिल्डूरनं आधी साइमीकडे बघितलं, मग गल्ल्याकडे, मग रांगेकडे. रांग आपापल्या बुटांकडे बघत होती.

"सगळ्यांना माहीत होतं?"

"आम्हाला वाटलं तुला माहीत असेल," अजून पुडे पोत्यात भरत उभा असलेला तानेली पुटपुटला.

"तुमचे सात वाजले तेव्हा माझे सहा वाजतात रे मेल्या! तीस वर्षं पुलावर उभा राहतोस आणि एवढं कळत नाही?" मग ती साइमीकडे वळली. "आणि तू? तू कधीपासून?"

"सातपासून. तुमच्या सहापासून."

"आणि इतका वेळ रांगेत काय करत होतीस?"

"विचार," साइमी म्हणाली. आणि तिचे डोळे भरले. "खोटं का सांगू? मनात आलं होतं, गप्प बसावं. यंत्र घ्यावं, घरी जावं, मग उद्या सांगावं."

हिल्डूरनं पदर खोचावा तसा ॲप्रन घट्ट बांधला आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाली, "पाटी संध्याकाळी पुसली जाईल. तोवर बासष्ट. कोणाला काय घ्यायचं ते घ्या."

"वेडी का खुळी तू?" साइमी ओरडली. "पूल माणसांनी भरलाय! दुपारपर्यंत तुझ्या दुकानात खिळा उरणार नाही. परत माल कशानं भरशील?"

"ते माझं मी बघीन. जे लिहिलं ते लिहिलं. तुझं यंत्रही त्याच दरानं घे. ठेव सहाशे वीस इथं."

"नाही घेणार."

"का नाही घेणार? सोमवारी त्या माणसाला काय दाखवशील, फरशीची बादली?"

साइमीचा चेहरा लालबुंद झाला. तिनं पाकीट गल्ल्यावर आपटलं, गल्ल्याला वळसा घालून आत शिरली, डब्यातला स्पंज उचलला आणि माझ्यावर चढली! तीन वर्षं इस्पितळ पुसलेली बाई ती. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, दोन हातांत मी लख्ख. एवढ्या जोरात की तिच्या लग्नाच्या अंगठीनं माझ्या काळ्या रंगावर एक वाकडा ओरखडा उठला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बासष्ट गेले. आणि त्याबरोबर तिचं स्वतःचं यंत्र गेलं, हे तिला कळत नव्हतं असं समजू नका.

"माझी पाटी!" हिल्डूर किंचाळली. "माझ्या पाटीला हात लावायचा अधिकार तुला कोणी दिला?"

"तुझ्या बाबांनी. गोठा दिला तेव्हाच दिला."

रांगेतला पहिला हसू दाबत खोकला. मग दुसरा. मग हळूहळू पाकिटं बदलायला लागली. एका खिशात एक पाकीट जायचं, दुसऱ्यातून दुसरं निघायचं. ज्यांच्याकडे क्रोना होते त्यांनी क्रोना मोजले. ज्यांच्याकडे नव्हते त्यांना अचानक घरची कामं आठवली. तानेलीनं बारातले दहा पुडे फळीवर परत मांडले.

"का रे? थंडी?" हिल्डूरनं विचारलं.

"यंदा कमी पडणार म्हणतात."

सगळं दुकान फुटलं हसून. सकाळी आधीच माल घेऊन गेलेले दोघे-तिघेही दुपारी परत आले, क्रोनांचं पाकीट घेऊन. सगळे आले असं मी म्हणणार नाही. हातगाडीवाला काही आला नाही.

आता राहिलं यंत्र. हिल्डूरनं खडू उचलला, माझ्यापुढे उभी राहिली आणि थांबली. "नेमका दर काय?" तिनं विचारलं. कोणालाच ठाऊक नव्हता. एक्याऐंशी म्हणजे एक्याऐंशीच, की वर काही? बँक उघडायची होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा भिंतीवर नुसतीच टांगलेली होते, काहीही न सांगता. हिल्डूर माझ्याकडे बघता बघता हसायला लागली.

"साइमे, दर लिहिलेला नाही. मग दर कोण ठरवणार? दुकानदार! तुझे सहाशे वीस आज माझ्या दुकानात हजार क्रोना आहेत."

"छे! आठशे दहा झाले पाहिजेत."

"सहाशे वीस."

"आठशे!"

"अगं बये, दुकानदार कमी करतोय आणि गिऱ्हाईक वाढवतंय! सहाशे वीस म्हणते ना मी?"

"फुकटचं नको मला. आठशे. उरलेले मी महिन्यामहिन्यानं आणून देईन."

"तुझे हप्ते मोजायला मला वेळ नाही!"

अशी उलटी घासाघीस मी जन्मात ऐकली नव्हती. रांग जागची हलेना. कोणी म्हणे "सातशे", कोणी म्हणे "तिला हवं तेवढं देऊ द्या". शेवटी तानेलीनं खिशातली टोपी काढून डोक्यावर घातली आणि म्हणाला, "सरकारच्या वतीनं सांगतो. पैसे सहाशे वीस. बाकीचं शिवण. तिच्याकडे पैसे नाहीत, हात आहेत. काय शिवून हवंय ते सांग, हिल्डूर, आणि आम्हाला मोकळं कर."

हिल्डूरनं विचार केला. माझ्याकडे बघितलं.

"पडदा," ती म्हणाली. "या पाटीला पडदा. रात्री सोडायचा. सकाळी कॉफी झाली, रेडिओ ऐकला, की मगच वर करायचा. आज जे झालं ते पुन्हा नको. दिवसाचा दर दिवसभर ठेवीन, पण दिवस माझ्या डोळ्यांदेखत सुरू होऊ दे."

"एवढ्याशा पाटीला कितीसं कापड लागणार? त्यानं कसे फिटतील?"

"झालर लाव मग. भरपूर लाव!"

तानेलीनं दुपारी पुलावर जकात घेतली. एक नाणंही सोडलं नाही, सरकारी माणूस शेवटी. पण यंत्र सायकलवरून पलीकडे त्यानंच ढकलत नेलं.

शनिवारी दुपारी साइमी आली. निळ्या कापडाचा पडदा, खाली पांढरी झालर, झालरीला आणखी एक झालर. हिल्डूरनं तो हातात धरून उलटापालटा केला.

"इथं शिवण वाकडी गेलीय."

"पहिलाच टाका होता. यंत्राशी ओळख व्हायची होती."

"बरं झालं इथंच वाकडी गेली. अतिथिगृहाच्या सरळ येतील."

सोमवारी मालक आला, यंत्र बघितलं, चाळीस खिडक्यांचं काम देऊन गेला. त्या सरळ आल्या की नाही ते मी बघितलेलं नाही, पण पुढं शाळेचे पडदे तिलाच मिळाले, म्हणजे आल्या असणार. नंतर नंतर तर नवऱ्याला ती यंत्राशेजारी बसवायची, तो बटणं लावायचा. चांगली लावायचा म्हणे.

मी पडद्यामागे सुखात होते. सकाळी पडदा वर, संध्याकाळी खाली. एखाद्या बाईसारखा माझा थाट. ब्याऐंशीत एकाच आठवड्यात दर तीनदा हलला, आधी फिनलंडनं पाडला, मग स्वीडननं पाडला, मग पुन्हा फिनलंडनं. जणू दोन शेजारणी एकमेकींच्या अंगणात कचरा लोटतायत. पुढं एकदा तर दोघांनीही दर ठरवणंच सोडून दिलं आणि पैसा वाऱ्यावर सोडला. हिल्डूर प्रत्येक वेळी म्हणायची, "चालू द्या. आम्ही आधी कॉफी पिणार." आणि पिऊनच पडदा उघडायची.

मग एक दिवस पलीकडचा मार्काच संपला. युरो आला. हिल्डूर तेव्हा थकली होती, तिनं दुकान त्याच वर्षी बंद केलं. पुढच्या हिवाळ्यात ती गेली. मला न्यायला साइमी आली, काठी टेकत. पडद्यासकट काखेत मारलं आणि पुलावरून निघाली. पुलावर आता कोणी अडवत नाही.

हल्ली मी तोर्न्योमध्ये आहे, साइमीच्या लेकीच्या, आइलाच्या पडद्यांच्या दुकानात. साइमीलाही जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्याकडे काम नाही. पण दुकान भरलेलं असतं, रंगीबेरंगी कापडं, बायकांचं बोलणं, यंत्रांचा खडखडाट. कोणी आलं की पाय पुसतं आणि गारठा पडलाय म्हणतं. माणसं काही बदलत नाहीत हो, आणि तेच बरं आहे.

आइला पोर गुणाची आहे, पण परवा तिच्या मनात एक खूळ आलं. मला घासून पुन्हा काळाभोर रंग द्यायचा आणि माझ्यावर कॉफीचे भाव लिहायचे. कॉफीला माझी ना नाही. जन्मभर मी तिच्याच वासात राहिले. पण आइले, तुझ्याकडे एकच मागणं आहे. मला रंग देऊ नकोस. माझ्यावर तो आडवातिडवा ओरखडा आहे ना, लोक विचारतात की हे खराब कसं झालं, तो तसाच राहू दे. तुझ्या आईनं त्या शनिवारी इस्पितळाची बादली परत केली आणि पुढं चाळीस वर्षं फक्त शिवलं. त्या आठवड्यात तिच्यापुढे पुसायच्या पुष्कळ फरशा होत्या, त्या तिनं पगारासाठी पुसल्या. हिल्डूरसाठी म्हणून, आपलं सगळं हातचं जातंय हे बघत, तिनं जे पुसलं ते फक्त मला.